दसऱ्यानंतर, शिगम्याआधी: गोव्यातल्या व्हाळांवर फ्लाय फिशिंगची सुरुवात

गोव्यात गरी टाकणं कुणाला शिकवावं लागत नाही. संध्याकाळी कुठल्याही पुलावर, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर), जेटीवर बघा, कुणी ना कुणी बोटाला नायलॉन गुंडाळून बसलेला असतोच. भरती कधी लागते, शेवटो कुठे चरतो, चोणक कुठल्या खांबाआड दबा धरून असतो, हे पोरांनाही ठाऊक असतं. पण ही सगळी खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्याची विद्या. मांडवीत भरतीचं पाणी पार गांजेपर्यंत चढतं. त्याच्या वरचं सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांतलं गोडं पाणी, दगडांवरून उड्या मारत येणारे व्हाळ, तिथे गरी घेऊन जाणारे फार थोडे. आणि जे जातात त्यांतले काही गरीऐवजी मासे मारायला ब्लीचिंग पावडर घेऊन जातात, हे सांगताना वाईट वाटतं.

हा लेख त्या व्हाळांवर फ्लाय फिशिंग करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी आहे. फ्लाय म्हणजे पिसं, दोरा आणि लोकर गरीवर बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. साध्या गळाला शिसं लावून ते भिरकावतात आणि शिशामागे दोरी जाते. इथे उलट आहे. दोरीच जाड आणि जड असते, ती हवेत उलगडते आणि तिच्या टोकाला किडा तरंगत जातो. एवढा फरक डोक्यात बसला की बाकीचं हळूहळू बसतं.

इंग्रजीतली बहुतेक मार्गदर्शक पुस्तकं ट्राउट या माशासाठी लिहिलेली आहेत. ट्राउटला थंड पाणी लागतं, साधारण २० अंशांखालचं. म्हणून तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथे टिकला. आपल्याकडे तो नाही. आपल्या व्हाळात आहेत ते वीतभर किंवा त्याहून लहान मासे. वीतभर मासा म्हणजे किरकोळ गोष्ट, असं वाटत असेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही. सावली पडताच दगडाखाली जाणारा, तळहातावर मावणारा मासा स्वतः बांधलेल्या किड्याला फसून वर येतो, त्या क्षणासाठी हे सगळं करायचं.

आधी कुठे जायचं नाही

गोव्याच्या पूर्व सीमेला म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्यं एकाला एक लागून आहेत. सगळ्यात नितळ व्हाळ याच पट्ट्यात आहेत आणि तिथे मासेमारी करायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यातला मासा हाही तिथल्या वन्यजीवनाचाच भाग. पकडून सोडतो म्हटलं तरी फरक पडत नाही. तांबडी सुर्लाच्या देवळाजवळून वाहणाऱ्या पाण्यात मासे दिसतात, हात शिवशिवतात. तिथे फक्त बघायचं. बघण्यानेही खूप शिकता येतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

मग उरतं काय? बरंच उरतं. केरीहून साखळीकडे येणारी वाळवंटी, रिवणच्या बाजूची कुशावती, वाळपईच्या आसपास गावांतून आणि कुळागरांतून, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांतून, वाहणारे छोटे व्हाळ. अभयारण्याची हद्द नकाशावर सरळ दिसते, जमिनीवर नाही. म्हणून जवळच्या वनखात्याच्या नाक्यावर जाऊन ‘हा व्हाळ हद्दीच्या आत की बाहेर’ असं सरळ विचारा. विचारणाऱ्या माणसाला कुणी हाकलून देत नाही.

कुळागरातून जाणारा व्हाळ असेल तर धन्याला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. माडा-पोफळींचं शिंपण त्याच पाण्यावर चालतं, पाटाची बांधणी नाजूक असते, चुकीच्या जागी पाय दिला की माती ढासळते. आणि गावात आणखी एक प्रश्न विचारा: इथली कुठली कोंड, म्हणजे व्हाळातला डोह, देवाची आहे का? सत्तरीत देवराया अजून राखल्या जातात आणि काही ठिकाणी रायीतल्या पाण्यातल्या माशाला कुणी हात लावत नाही. रायगड जिल्ह्यातल्या वाळण कोंडीचे मासे अशाच श्रद्धेमुळे पिढ्यान्‌पिढ्या वाचले. जिथे कायदा पोचला नाही तिथे देवाने मासे राखलेत. ती राखण आपण मोडायची नाही.

कधी जायचं

माझा हिशोब सोपा आहे. दसरा झाला की सुरुवात, शिगमो, म्हणजे आपली होळी, आला की बंद.

जूनच्या पहिल्या सरींना मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणात यांना चढणीचे मासे म्हणतात. शेतात, पाटात, गुडघाभर पाण्यातही ते येतात, कारण अंडी घालायला त्यांना उथळ, नवं पाणी हवं असतं. लहानपणी मीही त्या रात्री कंदील घेऊन धावलो आहे. सकाळी घरात मासे साफ करताना प्रत्येक पोटातून पिवळी गाबोळी निघायची आणि आम्ही पोरं खूश व्हायचो. एका माशाच्या पोटात किती व्हाळ भरतील एवढी अंडी असतात, हे तेव्हा कळत नव्हतं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ६१ दिवस. डोंगरातल्या व्हाळासाठी तशी बंदी आपली आपण पाळायची आणि ती पावसाळाभर पाळायची. शिवाय पावसात व्हाळ जीवघेणा असतो, तो मुद्दा वेगळाच.

ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस मागे फिरतो. दोन आठवड्यांत गढूळपणा बसतो, पाणी चहाच्या रंगावरून काचेसारखं होतं. नोव्हेंबर-डिसेंबर हा सगळ्यात चांगला काळ. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी उतरतं, मासे कोंडींत जमा होतात आणि पकडायला सोपे होतात. सोपे होतात म्हणूनच तिथे हात आखडता घ्यावा. मार्चनंतर उरलेल्या डबक्यात माशांना श्वास घ्यायलाही पुरेसं पाणी नसतं. तेव्हा गरी टाकणं मला पटत नाही.

सामान

यावर लोक पाने भरतात. मी थोडक्यात सांगतो.

मडगाव-पणजीच्या दुकानांत गऱ्या, नायलॉन आणि स्पिनिंगचा रॉड मिळतो. फ्लायचं सामान बहुतेक मागवावंच लागतं. मागवताना ‘तीन वेट’चा, सात ते साडेसात फुटी रॉड घ्या. वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा क्रमांक: दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन ठरलेलं असतं, तीन वेटला ते सुमारे साडेसहा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या एका नाण्याच्या जवळपास. रॉड आणि दोरीचा क्रमांक एकच हवा. दोरी तरंगणारी घ्या. तिच्या पुढे साडेसात फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे नायलॉनचा धागा, आणि त्याच्या टोकाला फ्लाय बांधायचा बारीक धागा, पाच एक्सचा टिपेट, जो सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असतो. रीलवर जास्त पैसे घालू नका. या माशांसाठी रील म्हणजे दोरी ठेवायची फिरकी.

रीलही नको असेल तर जपानचा टेंकारा रॉड आहे. तो तिथल्या डोंगरी ओढ्यांसाठीच जन्मला. रील नाही, रॉडच्या टोकालाच रॉडएवढी दोरी बांधायची. आपल्या व्हाळांवर झाडी खाली वाकलेली असते, म्हणून लांब घेऊ नका, तीन मीटरच्या आसपासचा पुरे. नवख्या माणसाला मी हाच आधी हातात देतो. दोरी सांभाळण्यात लक्ष जात नाही, सगळं लक्ष पाण्यावर राहतं.

याशिवाय ध्रुवीकृत काचांचा गॉगल. तो महत्त्वाचा आहे, चैनीची वस्तू नव्हे. त्याशिवाय पाण्यावरची चकाकी दिसते, पाण्यातलं काही दिसत नाही. घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट, चप्पल अजिबात नको. छातीएवढी बांबूची काठी. छोटी पक्कड, कात्री. एवढंच.

फ्लाय घरी बांधा

व्हाळाच्या काठावर बसून एक मुठीएवढा दगड उलटा करा. खालच्या बाजूला वाळूच्या कणांची इवलीशी नळी चिकटलेली दिसेल, बोटाने ढकलली तर आत किडा हलतो. ती कॅडिसची अळी. दुसरा चपटा, तीन शेपट्यांचा, सरसर पळणारा किडा म्हणजे मेफ्लायचं पिल्लू. दगड होता तसा परत ठेवा, कारण त्याखाली त्यांचं घर आहे. माशाचा मोठा आहार हाच. दुसरा आहार वरून पडतो: मुंग्या, डोंगळे, नाकतोडे, लहान भुंगे, उंबराची पिकली फळं. आपल्या व्हाळांवर झाडांचं छप्पर असतं, त्यामुळे वरून पडणारं अन्न फार महत्त्वाचं.

पानं शिवून घरटं करणारे तांबडे डोंगळे तुम्ही पाहिलेच असतील. त्याचा फ्लाय असा बांधा. १४ नंबरची गरी. जुन्या रबरी चपलेच्या पट्ट्यासारखा मऊ फोम नको, पॅकिंगमध्ये येतो तो दोन मिलिमीटर जाडीचा फोम घ्या आणि त्याची आगपेटीच्या काडीएवढी रुंद पट्टी कापा. तांबड्या शिवणाच्या दोऱ्याने गरीच्या मध्यावर पट्टी घट्ट आवळा, म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे दोन फुगवटे राहतील, कंबर मध्ये बारीक. कंबरेवर गावठी कोंबड्याच्या मानेचं एक तपकिरी पीस दोन वेढे फिरवा, ते पाय झाले. दोऱ्याला तीन गाठी, वर नेलपॉलिशचा थेंब. पहिला फ्लाय वेडावाकडा होईल. माशाने त्याला नाकारल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

पिसं फक्त पाळीव कोंबडीची वापरा. आपल्या रानातल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चकाकते ठिपके असतात. त्या पिसांसाठी विलायतेतले फ्लाय बांधणारे एकेकाळी वेडे होते, आणि हिंदुस्थानातून ती इतकी जात की पुढे निर्यातच बंद करावी लागली. आज तो पक्षी कायद्याने संरक्षित आहे. पहाटे सत्तरीत त्याची बांग ऐकू येते, तेवढं पुरे.

सुरुवातीला चार प्रकारचे फ्लाय पुरतात: फोमचा डोंगळा, एल्क हेअर कॅडिस, बुडणारी फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल) आणि काळा छोटा वूली बगर. पहिले दोन पाण्यावर तरंगतात, दुसरे दोन पाण्याखाली चालतात. सगळ्या गऱ्यांचा काटा, म्हणजे टोकाजवळची उलटी नखी, पकडीने चेपून टाका. काटा चेपलेली गरी माशाच्या तोंडातून सहज सुटते. तुमच्या कानातूनही.

एक गाठ

लीडर आणि दोरीच्या गाठी बहुतेक तयार मिळतात. फ्लाय बांधायची गाठ मात्र स्वतः यायला हवी. टिपेट गरीच्या डोळ्यातून ओवा. टोक मुख्य धाग्याभोवती पाच वेढे फिरवा. मग ते टोक परत डोळ्यालगतच्या छोट्या फासातून काढा आणि त्याने जो मोठा फास तयार झाला त्यातून पुन्हा ओवा. आता थुंकीने ओलं करा, मग सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने धागा तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. मासा गेला की आपण माशाला दोष देतो. घरी टीव्ही बघताना शंभर वेळा बांधा. व्हाळावर हात ओले असतात आणि डास चावत असतात.

फेकायला शिकणं

भातकापणी झालेल्या मळ्यात नोव्हेंबरमध्ये मोकळी जागा मिळते. फ्लायच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधा. रॉड मनगटाने नाही, कोपरापासून हलवा. घड्याळ डोळ्यांपुढे आणा: मागे एक वाजेपर्यंत, पुढे दहा वाजेपर्यंत, त्यापलीकडे नाही. मागे नेल्यावर थांबा. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. नवख्यांची चूक नेहमी इथेच होते, थांबत नाहीत आणि दोरी चाबकासारखी कडाडते. मान वळवून मागे बघितलं तरी चालेल, मी पहिले दोन महिने बघत असे.

पण खरं सांगायचं तर व्हाळावर ही फेक दहातून दोनदा वापरायला मिळते, कारण मागे झाडी असते. तिथे दोन फेकी कामाला येतात. पहिली रोल कास्ट: दोरी पाण्यावरून सावकाश ओढत रॉड कानापर्यंत आणायचा, खांद्यामागे दोरीचं पोट लोंबेल एवढं थांबायचं आणि मग पुढे ठाम झटका. पाणी दोरीला धरून ठेवतं म्हणून ती जमते. गवतावर तिचा सराव नीट होत नाही, बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यावर करा. दुसरी धनुष्याची फेक: गरीच्या वाकाला चिमटीत धरायचं, टोक बोटांच्या बाहेर, रॉड वाकेपर्यंत मागे ओढायचं आणि सोडून द्यायचं. फांद्यांखालच्या अंधाऱ्या कोंडीत दुसरा इलाज नाही.

पाणी वाचणं

इथे मी घाई करणार नाही, कारण रॉडपेक्षा, फ्लायपेक्षा, फेकीपेक्षा हे मोठं आहे.

केरीच्या बाजूला एका कुळागराचे मालक आहेत, वयाने सत्तर ओलांडलेले. मी त्यांना मामा म्हणतो. पहिल्या वर्षी मी त्यांच्या व्हाळावर तीन तास फेकत राहिलो, एकही मासा लागला नाही. ते पोफळीला टेकून बघत होते. शेवटी म्हणाले, “पुता, तू आलास ते माशांनी कधीच बघितलं. आता घरी जा आणि उद्या बसून ये.” मला वाटलं ते रागावले. दुसऱ्या दिवशी कळलं की ‘बसून ये’ हे त्यांनी अक्षरशः सांगितलं होतं. ते स्वतः कोंडीकडे जाताना शेवटचे वीस पावलं उकिडवं बसून, सरकत जात.

याला कारण आहे. पाण्याखालून माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. उभा माणूस त्या खिडकीत लांबूनच येतो, जमिनीलगतचा माणूस उशिरा येतो. शिवाय मासा तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून उभा असतो, कारण अन्न वरून वाहत येतं. म्हणून नेहमी खालून वर जायचं, माशाच्या पाठीमागून. सूर्य पाठीशी असेल तर सावली पुढे पडते, ती आधी कोंडीत पडते. तेव्हा बाजू बदला. पाण्यात पाऊल टाकावंच लागलं तर दगडावर दगड आपटू देऊ नका.

आता पाण्याकडे बघा. व्हाळ एकसारखा वाहत नाही. उथळ खळखळ, मग कोंड, मग कोंडीची शेपटी जिथे पाणी पसरून पातळ होतं, मग पुन्हा खळखळ. खळखळाटात प्राणवायू भरपूर आणि किडे भरपूर, पण तिथे उभं राहायला ताकद लागते. म्हणून मासा वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर उभा राहतो: स्वतः संथ बाजूला, तोंड वेगवान बाजूला. ही शीव डोळ्यांना दिसते, फेसाचे बुडबुडे तिच्यावर रांगेने वाहतात. फेस जिथे जातो तिथेच अन्न जातं. फ्लाय त्या रांगेत टाका. मोठ्या दगडाच्या पुढे उशी असते, मागे पोकळी असते, दोन्हीकडे मासा असतो. वाकलेल्या उंबराखाली, काठाने पोखरलेल्या मुळांत, धबधब्याच्या पांढऱ्या पडद्याच्या कडेला असतो.

सुरुवात कोंडीच्या शेपटीपासून करा आणि एक-एक हात वर सरका. सरळ डोक्याकडे फेकलं तर शेपटीतला लहान मासा घाबरून वर धावतो आणि सगळी कोंड जागी होते. एका कोंडीत चार-पाच फेकी, मग पुढची.

फ्लाय पडला की तो पाण्याच्याच वेगाने वाहिला पाहिजे. दोरी मध्येच वेगवान पाण्यात सापडली तर फ्लाय ओढला जातो, त्याच्या मागे बारीक रेघ उमटते, आणि खरा किडा कधी रेघ ओढत नाही. म्हणून रॉड उंच धरा, जितकी दोरी हवेत तितकी चांगली.

अभयारण्यात फक्त बघायचं म्हणालो, ते याच कामासाठी. गरी घरी ठेवून तास-दोन तास एखाद्या पुलावरून बघा. कुठला मासा कुठे उभा राहतो, वर कधी येतो, पानाला फसून परत कसा फिरतो, हे तिथे जेवढं कळतं तेवढं रॉड हातात असताना कळत नाही.

कोण कोण भेटतं

गावागावांत नावं बदलतात, म्हणून मी ओळख सांगतो. मोठ्या खवल्यांचे, शेपटीआधी काळा ठिपका असलेले खवळे कोंडीच्या मध्यात थव्याने असतात. नर वयात आला की पाठीच्या पंखाला दोरे फुटतात. चंदेरी अंगावर निळसर पट्टे असलेले, सडपातळ मासे खळखळाटाच्या वरच्या थरात असतात, तरंगता फ्लाय तेच पहिल्यांदा घेतात. तळाला दगडाला तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणारा तो मळ्या, तो फ्लायकडे सहसा बघत नाही. मुळांत मरळ आणि तिची भावंडं, त्यांना काळा वूली बगर आवडतो. एखाद्या खोल कोंडीत खडस, म्हणजे महसीर, भेटू शकतो. लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडा.

आणि काही मासे गरीसाठी नाहीतच. सेटनाई नावाची जेमतेम दोन इंचांची पट्टेरी बार्ब गोवा आणि लगतच्या कर्नाटकातल्या पाण्यांतच सापडते. ती तुमच्या पायांजवळ फिरते. म्हणून गाळ ढवळत चालायचं नाही.

मासा लागला की

या माशांचा घास इतका झटपट असतो की झटका मारायची गरज नाही. मनगट हलकेच वर उचला, बस. हात आधी पाण्यात भिजवा. कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. मासा पाण्यातच राहू द्या, गरीचा वाक पकडीने धरून उलटा फिरवा, तो आपोआप निसटेल. फोटो हवा असेल तर आधी मोबाइल तयार, मग मासा वर, मनात दहा मोजेपर्यंत परत आत. सोडताना फेकू नका. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून तळहातावर धरा. तो आपला आपण जाईल.

घरी न्यायचे नाहीत का, हे प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर नाही असं आहे. एका कोंडीत वाढलेले मासे चाळीस-पन्नास असतील; दोन माणसांनी दोन शनिवार-रविवारी डबा भरला तर पुढच्या जूनला चढायला कोण उरणार? बाजारात बांगडा आहे, तो खा. आणि काठावर ब्लीचिंगचं पाकीट, मेलेल्या माशांची पांढरी पोटं किंवा स्फोटकांचा कागद दिसला तर फोटो काढून पंचायतीला आणि पोलिसांना कळवा. विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

जीव सांभाळा

वर डोंगरात पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याचा रंग बदलला, सुकी पानं आणि काटक्या एकदम वाहू लागल्या की फेक अर्धवट सोडून काठ चढा. सामान राहिलं तरी चालेल.

ओल्या जांभ्यावर आणि शेवाळ्यावर काठी आधी, पाऊल नंतर. मी एकदा घाई केली, रॉडचं टोक मोडलं आणि गुडघा महिनाभर दुखला.

काठावरच्या हिरव्या फांदीवर हात ठेवण्याआधी बघा. चापडा हा विषारी साप पानासारखाच दिसतो आणि तासन्‌तास हलत नाही. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, १०८ ला फोन करा आणि हात-पाय स्थिर ठेवा. नेटवर्क नसणाऱ्या ठिकाणी एकट्याने जायचं नाही.

सत्तरीत माकडताप झालेला आहे, तो गोचिडीतून पसरतो आणि डिसेंबर ते मे त्याचा मोसम. लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, सुक्या पानांवर बसणं टाळायचं, घरी आल्यावर अंगभर गोचीड शोधायची. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे न विसरता सांगा. पायाला जखम असेल तर त्या आठवड्यात पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. आणि खाली, संथ मोठ्या पाण्यात मगरी असतात. आपले व्हाळ त्या वरचे, पण साळावलीसारख्या जलाशयाच्या काठावर कमरेभर पाण्यात उभं राहण्याचा विचारही करू नका.

पहिला शनिवार-रविवार

शुक्रवारी हवामान खात्याचा अंदाज बघा. शनिवारी पहाटे निघा. पणजीहून साखळीमार्गे वाळपई तासा-सव्वा तासाची वाट. वाटेत पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे, म्हणजे गोल पाव, घ्या, एक डबा भाजी घरून. सकाळी गावात गाडी लावून आधी माणसांना भेटा, विचारा, मग व्हाळाकडे जा. पहिला तास रॉड पिशवीतून काढू नका, नुसतं बघा, दगड उलटा. साडेआठ ते दहा तरंगता फ्लाय. ऊन चढलं की मासे सावलीत जातात, तुम्हीही जा. चार वाजता पुन्हा, आणि साडेपाचला आवरतं घ्या. डोंगरात अंधार लवकर पडतो. रविवारी त्याच व्हाळाच्या त्याच तुकड्यावर परत जा. नवी जागा शोधत फिरू नका, कालची कोंड आज वेगळी का वागते हे बघण्यातच शिकणं आहे.

एक वही ठेवा. तारीख, पाण्याचं तापमान, पाण्याचा रंग, झाडावर काय फुललंय, कुठल्या फ्लायला काय लागलं. दोन मोसमांनंतर ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल, कारण ती तुमच्या व्हाळाची असेल.

रविवारी रात्री घरी आल्यावर बूट ब्रशने घासून उन्हासाठी बाहेर काढा, म्हणजे एका व्हाळाचं शेवाळ दुसऱ्यात जाणार नाही. दोरी ओल्या फडक्याने पुसा. फ्लायची डबी उघडी करून खिडकीत ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. आपल्या हवेत ओली डबी बंद केली तर पुढच्या शनिवारपर्यंत सगळ्या गऱ्यांवर तांबूस गंज चढलेला असतो.